पर्माफ्रॉस्ट म्हणजे 'कायमचा बर्फ' का?

प्रश्न असा आहे की सैबेरियावरच्या एका लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात पर्माफ्रॉस्टला 'कायमचा बर्फ' म्हणावं की 'चिरहिम', आणि पुढे पिंगो नावाचा जमिनीच्या उंचवट्याचा प्रकार येतो त्याला 'हिमटेकडी' चालेल का. माझ्या मते तिन्ही नकोत, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण हा घोटाळा मी बऱ्याच ठिकाणी वाचलाय.

पहिली गोष्ट, पर्माफ्रॉस्ट हा बर्फ नाहीये, ती जमीन आहे. माती, वाळू, खडक काहीही असो, सलग किमान दोन वर्षं जिचं तापमान शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहतं ती जमीन, बस, एवढीच व्याख्या. त्यात बर्फ असतो बहुतेक वेळा, पण असायलाच हवा असं नाही, अंटार्क्टिकात मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांमध्ये काही ठिकाणी जमीन इतकी कोरडी आहे की गोठायला तिच्यात पाणीच जवळजवळ नाही, तरी ती पर्माफ्रॉस्टच. म्हणून 'हिम' आणि 'बर्फ' दोन्ही बाद. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर पांढरंशुभ्र मैदान येतं आणि प्रत्यक्षात सैबेरियात उन्हाळ्यात वर गवत, शेवाळं, फुलं, डबकी आणि चिखल असतो.

आता 'कायम' आणि 'चिर' याबद्दल. शब्दाची गंमत इथेच आहे. रशियन लोक आधी 'वेचनाया मेर्झलोता' म्हणायचे, म्हणजे शाश्वत गोठण. पुढे १९४३ मध्ये सायमन मुलर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने (जन्म मात्र रशियातला) लष्करासाठी एक अहवाल लिहिला आणि 'कायमस्वरूपी गोठलेली जमीन' असं लांबलचक दरवेळी लिहायला नको म्हणून पर्माफ्रॉस्ट हा जोडशब्द बनवला. तो शब्द जगभर गेला, पण रशियन अभ्यासकांनी स्वतः नंतर 'शाश्वत' सोडून 'म्नोगोलेतन्याया' म्हणजे 'अनेक वर्षांची' असं म्हणायला सुरुवात केली, कारण जे वितळू शकतं आणि वितळतंय त्याला शाश्वत कसं म्हणणार. मग आपण मराठीत आत्ता नव्याने शब्द घेताना 'चिर' कशाला घ्यायचा?

आपल्याकडे यासाठी अगदी चपखल शब्द पडलेला आहे, बारमाही. नदी बारमाही असते म्हणजे ती अनंतकाळ वाहणार असं कुणी म्हणत नाही, उन्हाळ्यातही आटत नाही एवढाच अर्थ. पर्माफ्रॉस्टचंही नेमकं तेच आहे, दोन वर्षांची अट म्हणजे मधल्या उन्हाळ्यातसुद्धा ती शून्याच्या वर जात नाही. म्हणून मी 'बारमाही गोठलेली जमीन' म्हणेन. आणि याचा दुसरा फायदा असा की तिच्या वरचा जो थर दर उन्हाळ्यात मोकळा होतो आणि हिवाळ्यात परत गोठतो त्याला आपोआप 'हंगामी थर' म्हणता येतं, बारमाही आणि हंगामी ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कोरड्या खडकाच्या बाबतीत 'गोठलेली' हाही शब्द काटेकोरपणे बसत नाही हे मान्य, पण थंडीने गोठलो असं आपण म्हणतोच की, तेवढी सूट भाषेत चालते.

'गोठीव जमीन' असंही मनात आलं होतं पण कोरीव, घडीव, पाळीव या शब्दांत कुणीतरी ते काम केलंय असा भाव असतो, त्यामुळे मुद्दाम गोठवल्यासारखी वाटते. 'थिजलेली'ही नको, थिजतं ते मेण किंवा भीतीने डोळे, पाणी गोठतं.

ही जमीन किती खोल गोठलेली असते याचा अंदाज हवा असेल तर सैबेरियातल्या याकुत्स्क शहरातली विहीर बघा. शेर्गिन नावाच्या माणसाने १८२८ मध्ये पाण्यासाठी खणायला घेतली, १८३७ पर्यंत खणत ११६ मीटरपर्यंत गेले आणि तिथेही जमीन गोठलेलीच. 'बर्फ' शब्द वापरला तर ही हकिकत कळणारच नाही, बर्फ फोडला असता तर पाणी मिळालंच असतं की.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. 'पर्माफ्रॉस्ट वितळतंय' असं सर्रास लिहितात, पण वितळतो तो जमिनीतला बर्फ, जमीन मोकळी होते, सैल पडते, मग खचते. (आणि 'विरघळतंय' तर नकोच, विरघळतं ते मीठ.)

पिंगो मात्र पिंगोच ठेवा. हा कॅनडाच्या पश्चिम आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचा शब्द, १९३८ मध्ये पोर्सिल्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो शास्त्रीय लिखाणात आणला. तळं आटलं की त्याच्या तळाखालची इतके दिवस न गोठलेली ओली माती सगळ्या बाजूंनी गोठायला लागते, आतलं पाणी कोंडून दाबाखाली येतं आणि वरची जमीन उचलत उचलत तिथेच गोठतं. तिथल्याच टुक्टोयाक्टुक गावाजवळचा इबयुक पिंगो असा ४९ मीटर उंच झालाय. बाहेरून माती आणि गवत, पोटात बर्फाचा गड्डा. 'हिमटेकडी' म्हटलं की नेमकं उलटं चित्र उभं राहतं. शिवाय माथा तडकला आणि आतला बर्फ उघडा पडला की तो वितळून मधे खड्डा होतो, कधी त्यात तळंही साचतं, ते 'टेकडी'त कुठे बसवणार? पहिल्यांदा येईल तिथे 'पिंगो, म्हणजे पोटात बर्फ धरून फुगलेली मातीची टेकडी' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं पिंगो.