घरून काम आणि गेमिंग, दोन्हीसाठी कोणतं लिनक्स घ्यावं?

घणसोलीत घरून ऑफिसचं काम, रात्री गेम आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, असं तुम्ही लिहिलंय. सरळ लिनक्स मिंट २२ टाका, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. टाकल्यावर आधी ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. हे राहिलं की गेम अडखळतात आणि लोक उगाच लिनक्सला नावं ठेवतात.

गेम घेण्या-चालवण्याचं ॲप म्हणजे स्टीम, त्याचं डेब पॅकेज (मिंटची नेहमीची इन्स्टॉल फाइल) घ्या. मी ठाण्यात घरच्या पीसीवर फ्लॅटपॅक (बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) घेतलं होतं, तर दुसऱ्या ड्राइव्हवरचे गेम त्याला दिसेचनात. परवानगी वेगळी द्यावी लागते. स्टीममधल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट मात्र नाही, त्याचं अँटी-चीट (खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालतच नाही. मित्रांसोबत तोच खेळत असाल तर दुसऱ्या एसएसडीवर विंडोज ठेवाच.