जबडा पक्का करायचं खूळ सोड

प्रिय पोरा,

तुझा मेसेज रात्री वाचला. फोन केला असता तर तू "हो सर, हो सर" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून सविस्तर लिहितोय. शनिवारी बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, डावा हूक (बाजूने येणारा ठोसा) बसला, गुडघे टेकलेस, क्षणभर कुठे आहेस तेच कळेना. मग क्लबमधल्या सीनियर दादाने निकाल देऊन टाकला: तुझा जबडा कच्चा आहे, रोज जड मुलांसमोर उभा राहा, चार महिने मार खा, आपोआप पक्का होईल. आणि तू मला विचारतोयस, सोमवारपासून सुरू करू का?

नाही. सोमवारी नाही आणि पुढेही नाही. मार सोसणं हे कौशल्य नाही.

बॅगवर मारून मारून बोटांच्या पेरांवरची कातडी जाड होते. मेंदूला घट्टा पडत नाही. हनुवटीवर ठोसा बसला की डोकं मानेवर झटक्यात फिरतं, आतला मेंदू त्या झटक्याने पिळवटतो आणि माणूस खाली बसतो. आज बसला म्हणून उद्या कमी बसेल असं काही त्यात नसतं. 1928 साली हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांच्या झोकांड्या खाणाऱ्या चालीवर आणि मंदावत गेलेल्या बुद्धीवर शोधनिबंध लिहिला. हा आजार कुणाला होतो, तेही त्याने लिहून ठेवलं: डोक्यावर भरपूर मार घेत लढणाऱ्यांना, आणि दुसऱ्यांच्या सरावासाठी समोर उभे केले जाणाऱ्या दुय्यम खेळाडूंना. हे दुसरं वाक्य पुन्हा वाच. दादा तुला नेमकं तेच व्हायला सांगतोय.

तू पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. क्रॉस, म्हणजे उजव्या हाताचा सरळ ठोसा, चांगला मारलास. पण उजवा हात गालाशी परत न आणता छातीशी आणलास, हनुवटी वर, आणि नजर आपल्याच ठोशावर. हूक आला तो तुला दिसलाच नाही. दिसलेल्या ठोशाला मान आपोआप आवळते, खांदा वर येतो. न दिसलेल्याला काहीच तयार नसतं. म्हणजे कच्चा आहे तो तुझा परतीचा हात. तो सुधारता येतो, आणि त्यासाठी मार खावा लागत नाही. आरशासमोर कंटाळा येईपर्यंत शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, करावी लागते. कंटाळा सोसायला कुणी तयार नाही, मार सोसायला सगळे तयार! याचाच मला राग येतो.

आणखी एक. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झाला तर किमान 30 दिवस ना लढत, ना स्पारिंग. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर विश्रांती तीन महिन्यांची. सरावात पडलास तरी काळजी तीच घ्यायची असते. शनिवारी तुला क्षणभर काही कळलं नाही, आणि तुला सोमवारी परत ग्लोव्ह्ज घालायला सांगतात? ज्याने सांगितलं त्याचं वाईट चिंतत नाही मी. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. आमच्या पिढीलाही हेच सांगितलं. माझ्यासोबत खडकीत सराव करणारा एक जण पोलादी जबड्याचा म्हणून नावाजलेला होता. आज त्याची बायको त्याला औषधाची वेळ दिवसातून दहादा सांगते. कारण ठोसेच होते असं मी छातीठोक म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी सांगावं. पण त्याच्याकडे बघून मला टाळ्या आठवतात, तो पडत नाही म्हणून आम्ही वाजवलेल्या, आणि घशाखाली घास उतरत नाही.

तू मुहम्मद अलीचं उदाहरण दिलंस. किन्शासा, 1974, रिंगच्या दोराला टेकून समोरच्या जॉर्ज फोरमनला दमवलं. खरं आहे. पण नीट बघ, त्यातले कितीतरी ठोसे त्याने दंडांवर घेतले, आणि दोराला रेलून डोकं मागे नेत होता. तो चुकवतच होता. पुढच्याच वर्षी मनिलात अली आणि जो फ्रेझरच्या लढतीत काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. चौदा राउंड झाले, फ्रेझरचा डोळा सुजून बंद झाला होता, आणि त्याचा प्रशिक्षक एडी फच याने पंधरावा राउंड होऊ दिला नाही. फ्रेझरला ते मान्य नव्हतं. मला विचारशील तर त्या रात्री रिंगच्या आसपास सर्वात धाडसी माणूस फचच होता.

आपल्या खेळाडूची लढत थांबवायला मीही रिंगमध्ये टॉवेल टाकलाय. राज्य स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी होती. आपल्या खेळात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, म्हणजे ती एक लढत जिंकली की पदक नक्की, आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडू कोट्यातली नोकरी. पोरगा गुणांवर पुढे होता असं त्याचे वडील आजही म्हणतात. असेलही. मी गुण बघत नव्हतो, त्याचे पाय बघत होतो. ठोसा बसल्यावर तो दोनदा चुकीच्या दिशेने वळला. मी टॉवेल टाकला. त्याने क्लब सोडला, माझ्याशी बोलणं सोडलं, आणि सरांनी पोराचं वाटोळं केलं हे शहरभर झालं. सर पोरांना नाजूक करतात, असंही म्हणतात. म्हणू देत. त्याला नीट समजावून सांगता आलं नाही ही सल आहे, रोजची आहे. पण तशीच वेळ आली तर टॉवेल पुन्हा टाकेन, आणि समोर तू असलास तर जरा आधीच टाकेन.

हेडगार्ड आहे की, असं तू म्हणशील. हेडगार्डने कातडी फाटत नाही, झटका थांबत नाही. प्रौढ पुरुषांच्या लढतींतून 2013 पासून ते काढलंच. तू सरावात घालच, भुवई फुटण्यापासून वाचशील, पण ते घातलंय म्हणून डोकं पुढे करू नकोस. मोठ्या ग्लोव्ह्जचंही तेच. ग्लोव्ह मारणाऱ्याचा हात आधी वाचवतो.

एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केलीस, उशीर झाला का? डिऑन्टे वाइल्डर विसाव्या वर्षी जिममध्ये आला आणि 2008 ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक कांस्य घेऊन गेला. तो साडेसहा फुटांहून उंच आहे, तू नाहीस, तेव्हा त्याची नक्कल करू नकोस. उशीर भरून काढायची घाई मात्र घातक. घाईतच पोरं मार खातात. वजनं उचलल्याने हात जड होतात हेही डोक्यातून काढ. मांड्या, पाठ आणि मान मजबूत कर, ठोशाची ताकद पायांतून येते. आणि वजन उतरवायला तो प्लॅस्टिकचा सूट घालून पर्वती चढणं बंद. उतरतं ते पाणी. आपल्याकडे वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, भरून काढायला वेळ कुठे असतो? कोरड्या अंगाने रिंगमध्ये गेलास की पाय मंदावतात, आणि पाय मंदावले की ठोसा चुकवता येत नाही. फिरून आपण तिथेच येतो.

परीक्षक पाच असतात. तू किती सोसलंस याचे गुण त्यातला एकही देत नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. आधी डॉक्टर, उद्याच, आणि काय झालं ते न लपवता सांग. आईलाही सांग, ती ओरडेल, ओरडू दे. डॉक्टर हो म्हणाले तर दोन आठवड्यांनी माझ्याकडे ये, सकाळी सहाला. ग्लोव्ह्ज नकोत, दोरी आण. डोकं दुखायला लागलं, उलटीसारखं झालं किंवा झोप उडाली तर दोरीही नको, सरळ परत दवाखान्यात. महिनाभर फक्त पाय, शॅडो आणि परतीचा उजवा हात. त्यानंतर स्पारिंग कुणाशी, किती जोराने, ते मी ठरवीन. दादाने विचारलं तर माझं नाव सांग, वाद घालत बसू नकोस. त्याला माझा नंबर दे, मी त्याच्याशी बोलतो.

तुझा,
सर