'आब्लारे'मधला 'ए' कुठून आला?

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : वर्तमानकाळ करताना क्रियापदाचं शेपूट काढतात. 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्यातला 'आर' गेला की 'आब्लो', मी बोलतो. मग भविष्यकाळात 'आर' जागेवर ठेवून त्याच्यापुढे प्रत्यय का? आणि आर, एर, इर या तिन्ही गटांना तेच प्रत्यय कसे चालतात?

आधी रूपं बघू. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. खाणे म्हणजे 'कोमेर', त्याचं कोमेरे, कोमेरास. राहणे म्हणजे 'बिबिर', त्याचं बिबिरे, बिबिरास.

आता 'आबेर' या सहायक क्रियापदाचा वर्तमानकाळ शेजारी ठेवा : ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. प्रत्यय म्हणून जे पाठ करतो ते हेच! फक्त 'आबेइस' झिजून 'एइस' झालं. म्हणजे 'आब्लारे' हे मुळात 'आब्लार' आणि 'ए' असे दोन शब्द. पहिला शब्द अख्खा आहे म्हणून शेपूट कापायचा प्रश्न येत नाही, आणि दुसरा शब्द एकच असल्यामुळे तिन्ही गटांना तोच लागतो. आंतोनियो दे नेब्रिहाने 1492 सालच्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात ही फोड सांगितली आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये तर या दोघांच्या मध्ये सर्वनाम शिरायचं : 'दार ते ए', तुला देईन. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ही सोय अजूनही आहे.

मुळाशी आहे लॅटिनमधलं 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचं आहे'. करायचं आहे, म्हणजे पुढे होणार आहे, असा अर्थ सरकत गेला. आपण मराठीत काय करतो पाहा. 'उद्या पुण्याला जायचं आहे' हे बोलताना 'जायचंय' होतं. 'आहे'तला 'ह' गळतो, उरलेला भाग आधीच्या शब्दाला चिकटतो. स्पॅनिशमध्येही 'ए' लिहिताना आधी 'एच' असतो, पण तो उच्चारात नाही, आणि जोडशब्दातून तर लिहिण्यातूनही गेला. 'जायचंय' ज्याच्या तोंडात बसलंय त्याला 'आब्लारे' परकं वाटू नये.

एक गोष्ट मात्र जपा. आघात. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही. 'आब्लारा'त शेवटच्या 'रा'वर जोर दिला तर 'तो बोलेल'. 'ब्ला'वर दिला तर 'तो बोलला असता तर' अशा वाक्यातलं संकेतार्थी रूप. म्हणून 'एमोस' सोडून सगळ्या रूपांवर आघातचिन्ह हवंच. 'एमोस'मध्ये जोर उपांत्य अक्षरावर, म्हणजे नेहमीच्या जागीच पडतो, तिथे चिन्हाची गरज नाही. अनियमित क्रियापदांतही बदल पुढच्या भागात नसतो, धातूत असतो : 'तेनेर'चं 'तेंद्रे'.

अंदाजासाठीही हाच काळ वापरतात, अगदी आपल्या 'असेल'सारखा. 'सेरान लास त्रेस', तीन वाजले असतील. फोन उचलत नाही? 'एस्तारा दुर्मिएंदो.' झोपला असेल.