वाशीच्या गाडीतली सोबत

"ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल आलं. तरी लोकलमध्ये हिला धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, आता जीव जातो की काय असं वाटतं. तीन महिने मी रोज वाशीपर्यंत सोडायला जातोय, तरी कमी होत नाही." ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका नवऱ्याची ही बायकोबद्दलची काळजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका. तपासण्या आधी करून घेतल्या हे बरं झालं, त्या टाळू नयेत. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. मुंग्या येतात त्या भरभर श्वास घेतल्याने, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. यात नाटक काहीही नाही.

घरच्यांना पटायला जड गेलं ते वेगळंच. सोबतीमुळेही भीती टिकते. नवरा शेजारी असला की मन नोंद करतं, 'हे होते म्हणून वाचले'. ऐरोलीला उतरून रिक्षा केली की 'उतरले म्हणून वाचले'. अटॅक आपोआप ओसरतो, हे तिला कधी अनुभवताच येत नाही. सासूबाईंचे वाटेतले चार-चार फोन, "बरी आहेस ना गं?", मायेचेच, पण प्रत्येक फोनला तिचं लक्ष पुन्हा छातीकडे.

सोबत एकदम काढली नाही. ऑफिसला सोडणं सुरुवातीला चालू ठेवलं, एकटीने प्रवास करण्याचा सराव मात्र वेगळ्या वेळी. आधी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर नुसतं वीस मिनिटं बसणं. मग दिघागावपर्यंत: ती महिलांच्या डब्यात, नवरा शेजारच्या. (2024 मध्ये हे स्थानक सुरू होईपर्यंत पहिला थांबा थेट ऐरोली होता, सुरुवातीला तेवढं अंतरही फार वाटतं.) पुढे ऐरोली एकटीने, घणसोली, वाशी, आणि शेवटी सकाळची गर्दी. प्रत्येक पायरी आठवड्यातून चार-पाचदा. भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे, ते निम्म्यावर आले की पुढची पायरी. भीती टोकाला असताना उतरायचं नाही, हा एकच कडक नियम. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, ओसरेपर्यंत.

चौथ्या आठवड्यात पावसात गाडी रबाळ्याजवळ पंधरा मिनिटं खोळंबली. तिचा फोन येताच नवरा बाइक घेऊन रबाळ्याला पोचला, आणि पुढे सहा दिवस त्यानेच सोडलं. गुण पुन्हा आठवर. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण अशा वेळी फोनवर एवढंच पुरतं: "भीती वाटतेय, कळलं मला. श्वास सावकाश सोड. पोचलीस की मेसेज कर." सराव पहिल्यापासून न धरता एक पायरी खालून धरला.

अटॅक रोज येत असतील, झोप उडाली असेल, काम सुटायची वेळ आली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच. "म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात?" असं सासूबाईंनी घाबरून विचारलं होतं. नाही, ओपीडीत दाखवून घरी येता येतं. औषधांचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, ती मनाने बंद करू नयेत. जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र थांबू नका: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

अकराव्या आठवड्यात ती सकाळच्या गाडीने एकटी वाशीला गेली. धडधड झाली, गुण चार, तुर्भ्याच्या आधी ओसरली. सासूबाईंचा फोन आला तो संध्याकाळी, येताना कोथिंबीर आणायला सांगणारा.