शाळेने दिलेल्या ‘वर्तन सहाय्य आराखड्या’वर सही करावी का?

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. मधल्या सुटीनंतर तो जागेवर बसत नाही, शेजारच्या मुलांच्या वस्तू खाली पाडतो आणि बाई रागावल्या की वही फेकतो. घरी तो असे वागत नाही. शाळेने आम्हाला बोलावून ‘वर्तन सहाय्य आराखडा’ नावाच्या कागदावर सही मागितली आहे. मुलावर कायमचा शिक्का बसेल अशी मला भीती वाटते, तर त्याचे बाबा म्हणतात की दोन फटके दिले की झाले. आम्ही काय करावे? शिकवणीच्या ताईंना हे सांगावे का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, सही करावी, पण कागद नीट वाचून आणि गरज वाटल्यास दुरुस्त्या मागून. हा आराखडा म्हणजे रोगनिदान नव्हे. मूल विशिष्ट वेळी असे का वागते हे शोधून, त्यासाठी भोवतालच्या मोठ्या माणसांनी काय बदलायचे, याची ती लेखी नोंद असते. त्यामुळे मुलाने काय करू नये एवढेच त्यात असेल आणि शिक्षक काय करणार याबद्दल अवाक्षरही नसेल, तर तो अपुरा आहे असे खुशाल समजावे.

‘उद्धट आहे’, ‘ऐकत नाही’ अशा शेऱ्यांतून काही हाती लागत नाही. वर्तनाच्या आधी काय घडले, नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, या तीन गोष्टींची नोंद बाईंनी आठ-दहा दिवस ठेवावी, असा आग्रह धरा. समजा, फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितल्यावर तो वही फेकतो आणि बाई त्याला वर्गाबाहेर उभे करतात. मग लिहिण्यातून त्याची सुटका होते, म्हणजे आपण जिला शिक्षा समजतो ती त्याच्या लेखी बक्षीसच ठरते. याउलट, सगळ्या वर्गाने आपल्याकडे पाहावे म्हणून तो तसे करत असेल, तर उपाय अगदी वेगळा करावा लागेल. पहिल्या बाबतीत मजकूर थोडा-थोडा करून देणे आणि ‘मला मदत हवी’ हे सांगण्यासाठी बाकावर ठेवायला एखादे कार्ड देणे उपयोगी पडते. दुसऱ्या बाबतीत तो शांत बसलेला असतानाच बाईंनी नाव घेऊन त्याची दखल घ्यावी. जुन्या वागण्याला दाद मिळेनाशी झाली की सुरुवातीला ते काही दिवस वाढते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक पालक आराखडा गुंडाळून ठेवतात.

घरी तो असे वागत नाही हे महत्त्वाचे आहे. मात्र घरी त्याला सलग अर्धा तास लिहायला बसवले जाते का, हेही तपासा. अतिचंचलतेच्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाईने नाव देऊ नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वाचन-लेखनही मागे पडत असेल, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात दाखवा. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि तिचे निदान झाल्यास शाळेकडे सवलती मागता येतात.

फटक्यांनी मूल त्या क्षणापुरते थांबते. पण लिहिणे जड जात असताना काय करावे, हे त्यातून त्याला कळत नाही. शाळेलाही मारण्याची किंवा मानसिक त्रास देण्याची मुभा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने त्यास मनाई केली आहे, आणि कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. (अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेवढी खात्री करून घ्यावी.) तेव्हा टीसीचा विषय निघाला, तर कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. सही करताना आराखड्याची प्रत आणि फेरआढाव्याची तारीखही मागून घ्या.

शिकवणीच्या ताईंना सगळा कागद दाखवण्याची गरज नाही. मदतीच्या कार्डाची पद्धत मात्र त्यांनीही तशीच वापरावी, एवढे जरूर सांगा.