अडिंक्रा : शोकाचं कापड की निरोपाचं?

विचारणा अशी आहे : घानातल्या 'अडिंक्रा' या ठसे उमटवलेल्या कापडाविषयीचा मजकूर मराठीत आणताना त्याला 'शोकवस्त्र' म्हटलं तर चालेल का? आणि हे नाव एका राजावरून पडलं, हे खरं का?

'शोकवस्त्र' नको, असं माझं स्पष्ट मत आहे. घानातले असांते लोक हे कापड अंत्यविधीला पांघरतात हे खरंच, पण तिथे शोक सांगतो तो कापडाचा रंग. तांबूस तपकिरी कुंटुंकुनी, लाल कोबेने, काळपट ब्रिसी ही दुःखाची कापडं. तेच ठसे पांढऱ्या किंवा उजळ कापडावर उमटवले की ते सणासमारंभाला चालतं, आणि त्याला 'क्वासियाडा अडिंक्रा', म्हणजे रविवारचं अडिंक्रा म्हणतात. आपण 'शोकवस्त्र' लिहिलं, तर या रविवारच्या कापडाला काय म्हणणार?

आता शब्दाकडे येऊ. असांतेंच्या ट्वी भाषेत 'न्क्रा' म्हणजे सांगावा, आणि 'डि न्क्रा' म्हणजे जाताना रजा घेणं. हे वाचलं तेव्हा मी थबकलोच, कारण मराठीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे : निरोप. आपण निरोप धाडतो आणि निरोप घेतोही. त्याच कुळातला 'ओक्रा' म्हणजे जीवात्मा आणि 'न्क्राबेआ' म्हणजे प्राक्तन. आकान लोकांच्या (असांते त्यांच्यातलेच) समजुतीप्रमाणे जीव जन्माला येण्याआधी न्यामेचा, म्हणजे परमेश्वराचा निरोप घेऊन निघतो, आणि तोच निरोप त्याचं प्राक्तन ठरतो. इथेही 'निरोप घेऊन' हे दोन्ही अर्थांनी वाचा, बरोबर बसतं. 'शोक' या शब्दात यातलं काहीच येत नाही.

राजाची गोष्ट अशी सांगतात. शेजारच्या ग्यामान राज्याचा राजा कोफी अडिंक्रा याने असांतेंच्या सुवर्णासनाची, म्हणजे त्यांच्या राजसत्तेच्या पवित्र प्रतीकाची, नक्कल करवली. असांतेंचा राजा ओसेइ बोन्सू याने चिडून स्वारी केली, अडिंक्रा मारला गेला, आणि त्याच्या अंगावरचं कापड व ते करण्याची कला असांतेंच्या राजधानीत, कुमासीला आली. गोष्ट रंगतदार आहे, पण सनावळीत अडकते. ही लढाई 1818 च्या सुमाराची. थॉमस एडवर्ड बाउडिच हा इंग्रजांचा दूत कुमासीला गेला 1817 मध्ये, आणि तेव्हा त्याने मिळवलेलं ठशांचं कापड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे लढाईच्या आधीच हे कापड कुमासीत होतं. राजाचं नाव आणि कापडाचं नाव एक आहे, पण एवढ्यावरून एकातून दुसरं निघालं असं म्हणता येत नाही.

ठसे कशाचे, तर सुकलेल्या भोपळ्याच्या कवटीचे. कुमासीजवळच्या न्टोन्सो गावात हे काम चालतं. कवटीच्या तुकड्यावर चिन्ह कोरायचं आणि मागे काड्या बांधून मूठ करायची. बाडिए झाडाची साल कुटून, भिजवून, उकळून, गाळून, पुन्हा आटवली की डांबरासारखा काळा रस तयार होतो. त्याला म्हणतात 'अडिंक्रा अडुरु'. अडुरु म्हणजे औषध! जमिनीवर ताणलेल्या कापडावर आधी लाकडी फणी रसात बुडवून समांतर रेघा ओढतात आणि त्या चौकटींत ठसे मारतात. कवटीला मुळातच बाक असल्यामुळे ठसा टेकवून किंचित डोलवावा लागतो, तेव्हा पूर्ण चिन्ह उमटतं. तेव्हा इथे 'छपाई'पेक्षा 'ठसे उमटवणे' हेच लिहा.

चिन्हांची नावं मात्र भाषांतरित करू नका, अर्थ शेजारी द्या. 'सांकोफा' म्हणजे सान-को-फा : परत फिर, जा, घेऊन ये. मान मागे वळवलेला पक्षी हे त्याचं चिन्ह. 'ओवुओ आत्वेदेए' म्हणजे मृत्यूची शिडी, जी एकट्यादुकट्यालाच चढावी लागते असं नाही.

लेखनाबद्दल एवढंच : 'अडिन्क्रा' असा जोडाक्षरी 'न' नको. मूळ उच्चारात 'क'च्या आधीचा अनुनासिक 'अंक'मधल्यासारखा आहे, तेव्हा आपला अनुस्वारच ते काम चोख करतो. कापड म्हणून नपुंसकलिंगी ठेवा, आणि शब्द पहिल्यांदा येईल तिथे 'अडिंक्रा, म्हणजे निरोपाचं कापड' असं लिहून पुढे नुसतं 'अडिंक्रा' चालू ठेवा.