धंद्यातलं बोललो, तर शेजारचा उचलेल ना?

"मॅडम, लिहायचं आपण आणि कमवायचं शेजारच्यानं, असं होतंय बघा."

लहान उद्योजक बोलायला बसले की आडवळणानं का होईना, ही भीती निघतेच. सोलापुरात तर जास्तच. एकाच भागात एकाच मालाची चार युनिटं, आणि कारागीर आज इकडे तर उद्या तिकडे.

हे वाक्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका गृहस्थांचं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) माझ्याकडे सल्ल्याला आले होते झोप लागत नाही म्हणून. जूनला माल पोचवलेला, पैसे दिवाळी आली तरी अडकलेले. घरी सांगायचं नाही, बाजारात तोंड उघडायचं नाही. उद्योजकांच्या बैठकीला जायचे, कार्ड वाटायचे, चहा पिऊन परत.

मी सुचवलं, आपल्या कामाबद्दल लोकांना वाचायला चार ओळी लिहा आणि धंद्यातला एखादा अनुभवी गुरू गाठा. लिहायचं म्हटल्यावरच ते वरचं वाक्य आलं. म्हणून मी त्यांना कागदावर दोन रकाने करायला सांगितले: शेजाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं, आणि खरोखर फक्त आपलं. दुसऱ्यात जेमतेम तीन गोष्टी आल्या. शाळेला दिलेला दर, उधारीवर कापड देणारा व्यापारी आणि कटिंग मास्टर. पहिला रकाना मात्र पानभर! त्यातलंच लिहा म्हटलं. पँटीला ६५:३५ पॉलिएस्टर-व्हिस्कोस का घेतात, एक लॉट (एका खेपेला रंगवलेलं कापड) संपून दुसऱ्या लॉटचं कापड लागलं की एकाच वर्गात दोन छटा का दिसतात, म्हणून ऑर्डर देतानाच वाढीव कापड का धरायचं. युनिटवर आलेल्या मुख्याध्यापकांना सांगता ना, तसंच. शुद्धलेखनाची काळजी नंतर.

गुरूचा प्रश्न जरा नाजूक होता. आपल्याच लाइनीतल्या माणसाला उधारी सांगायला ते कचरत होते आणि ते कचरणं मला योग्यच वाटलं. म्हणून टॉवेलचा कारखाना मुलाच्या हाती देऊन निवांत झालेले त्यांचे एक ओळखीचे काका निवडले. वेगळा माल, पण दुखणं तेच. "मला मार्गदर्शन करा" म्हटलं की समोरचा दचकतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. एकच नेमका प्रश्न न्यायचा असं ठरलं: पैसे अडकले की तुम्ही पहिला फोन कुणाला करायचात?

काका म्हणाले, "चेअरमनला नको, हिशेबनिसाला कर. बिल कुठल्या फायलीखाली दबलंय ते त्यालाच ठाऊक." मग काकांनी उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं विचारलं. नोंदणी होती, पण बिलावर तो क्रमांक छापलेलाच नव्हता. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानं करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपुढची मुदत चालत नाही, पुढे चक्रवाढ व्याज लागतं, हेही काकांकडूनच कळलं. शाळेवर केस करायची या गृहस्थांची तयारी नव्हती. बिलावर क्रमांक आणि मुदत छापायला मात्र सुरुवात केली.

शेजारच्यानं कापडाच्या लॉटबद्दलचा मजकूर उचललाच, अगदी चुकांसकट. आमचे गृहस्थ तणतणत आले. मी विचारलं, त्यानंतर चौकशीचे फोन कुणाला आले? "दोघांनाही," म्हणाले. आता ते मजकुराखाली आपल्या युनिटचं नाव आणि फोन टाकतात. दर अजूनही लिहीत नाहीत. तो लिहावाच, असा माझाही आग्रह नाही.